दलपत, पान दोनशे बारा

पुस्तकातली माणसं मी मारत नाही. ती लिहिणारे मारतात. मी फक्त तारीख टाकते. एवढी साधी गोष्ट पाड्याला पटवण्यात माझे पावसाळ्याचे शेवटचे दिवस गेले, आणि पटली ती नाहीच.

विसरवाडीपासून दोन किलोमीटर आत आमचा पाडा आहे. तिथल्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, तीही अर्धी मोहाच्या झाडाखाली. वाचायला शिकले एकतिसाव्या वर्षी, अंगणवाडीची भिंत पुसता पुसता. भिंतीवर अननसाचा तक्ता होता. अननस मी आजवर खाल्लेला नाही, पण अ तिथेच पाठ झाला. मग पोषण आहाराच्या पिशव्यांवरच्या सूचना, मग हायवेवरच्या ट्रकांच्या पाठी, मग योहान गुरुजींचं कपाट.

योहान गुरुजी निवृत्त होऊन चर्चच्या मागे राहतात. त्यांच्या लोखंडी कपाटात तीनशेच्या वर पुस्तकं आहेत, कादंबऱ्या आणि आत्मकथा. "कविता नका देऊ," मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "त्यात माणसं कमी असतात."

पण माणसं आली की नावं आली. विश्वंभर, सौदामिनी, अनिरुद्धराव. दहा पानांत कोण कोणाचा दीर ते विसरायला व्हायचं. मग मी युक्ती काढली. पुस्तकातला माणूस आमच्या पाड्यावर कोणासारखा आहे ते बघायचं आणि वहीत मांडायचं. डावीकडे पुस्तकातलं नाव, उजवीकडे आमचं. खाली मला काय वाटलं ते. वही म्हणजे अंगणवाडीचं जुनं रजिस्टर, तपकिरी पुठ्ठ्याचं, वर 'गरोदर माता' छापलेलं. अर्धं कोरं पडलं होतं, ते मी घेतलं.

या वहीने माझं भलंही केलं. पुण्याच्या एका घरातल्या खाष्ट सासूच्या जागी मी शेजारच्या कौसाबाईला बसवलं होतं. ती सासू शेवटच्या पानांत एकटीच खिडकीत बसून राहते, कोणी तिला जेवलीस का म्हणून विचारत नाही. पुस्तक मिटलं आणि मी उठून कौसाबाईकडे गेले. म्हटलं, गुडघा कसा आहे? तासभर सांगत होती. वीस वर्षांत पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही. वहीत लिहिलं : 'कौसाबाई वाईट नाही. तिला कोणी विचारत नाही.'

दलपतला मी नावाड्याच्या जागी घातलं. खाडीवरच्या एका गावाची कादंबरी होती. तो नावाडी मोठ्याने हसणारा, पोरांना फुकट होडीत बसवणारा. आमच्या दलपतची काळी-पिवळी जीप होती, विसरवाडी ते नवापूर. शाळेच्या पोरांना टपावर बसवायचा आणि पोलीस दिसला की ओरडायचा, "झोपा रे, पोती व्हा!" दुसरं कोणाचं नाव सुचणारच नव्हतं. पान दोनशे बारावर नावाडी तापाने जातो. मी चुलीपुढे वाचत होते, खिचडी करपली. वहीत लिहिलं : 'दलपत गेला. तापाने. चार दिवस कोणी मनावर घेतलं नाही. १४ ऑगस्ट.'

अकरा सप्टेंबरला दलपत गेला. खरा दलपत. तापाने. चार दिवस चुनीलालच्या दुकानातल्या बरणीतल्या गोळ्या खाल्ल्या, पाचव्या दिवशी त्याच्याच जीपमध्ये घालून नेला, आणि नवापूर यायच्या आधीच संपला.

मी रडले ते सगळ्यांसारखंच. वही आठवली ती चौथ्या दिवशी, भांडी घासताना. हातातलं पातेलं तसंच राहिलं. मनात आलं, ते पान फाडावं. पण मी कधी पुस्तकाच्या पानाचा कोपराही दुमडत नाही, आणि वही मला पुस्तकासारखीच. नाही फाडलं. एवढीच माझी चूक.

दलपतच्या धाकट्या भावाची, गुलाबसिंगची बायको रिना. बारावी शिकलेली, सहावा महिना. ती लोहाच्या गोळ्या न्यायला आली. सेविकाबाई मीटिंगला गेलेल्या. मी खिचडी ढवळत आतून म्हटलं, "रजिस्टर फळीवर आहे, सही करून जा." फळीवर दोन रजिस्टरं होती, एकाच रंगाची, एकाच नावाची.

बराच वेळ झाला तरी ती जाईना. मी बाहेर आले. रिना भिंतीला टेकून उभी होती, वही छातीशी धरलेली.

"काकी, हे काय आहे?"

"पुस्तकातलं आहे ते. नावं माझ्या सोयीसाठी. गुरुजींना विचार."

"तारीख महिनाभर आधीची आहे."

"पुस्तक महिनाभर आधी वाचलं म्हणून."

तिने मान हलवली. समजल्यासारखी. वही फळीवर ठेवली, सही केली, गोळ्या घेतल्या. जाताना वळून म्हणाली, "आणि गुलाबसिंगचं नाव आत्ताच्या पानावर आहे, ते?"

मी आत खिचडीकडे वळले. कारण त्या सकाळपासून गुलाबसिंगला ताप होता.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बावीसपैकी चौदा पोरं आली. तिसऱ्या दिवशी सहा. चौथ्या दिवशी तीन, आणि ती तिघंही खिचडी बोटाने नुसती सारत राहिली. एक जण म्हणाली, "आई बोलली, तिथलं खायचं नाही, खेळून यायचं." मोठं पातेलं भरून खिचडी मी गाईंना घातली. गाईंना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

आम्ही घरात बोलतो ती बोली वेगळी. इथे मराठीत मांडते आहे. पण एक शब्द सगळ्या बोलींत सारखाच. तो अजून कोणी उच्चारला नव्हता. पाण्याच्या टाकीवर मी गेले की बायका हंडा अर्धा भरून निघून जायच्या, तेवढंच. मी लहान असताना वरच्या पाड्यावरच्या मंगळीबाईला डाकीण ठरवलं होतं. तिलाही आधी असाच अर्धा हंडा आला होता. मग तिच्या घराच्या दाराची चौकट नेली, मग कौलं. मंगळीबाई बसस्टँडच्या मागे राहायची. थंडीत गेली. तिच्या घराच्या जागी आता रान आहे. गुरंही त्यात शिरत नाहीत, आणि लोक म्हणतात, बघा.

मजा अशी की घाबरलेले लोक मला टाळायचे, आणि तेच लोक एकेकटे मागच्या दाराने यायचे.

पहिली कौसाबाई आली. "मी आहे का गं वहीत?"

"आहेस."

"मरते?"

"नाही. खिडकीत बसते."

"बस?" तिचा चेहरा पडला. "सून कशी आहे त्यात? चांगली आहे ना?"

मग चुनीलाल. त्याचं दुकान अंगणवाडीच्या अगदी समोर. दुकानदार माणूस, अहिराणी बोलतो, सगळ्याची चेष्टा करतो.

"काय वं सुषमाबाई, मन्हं नाव बी शे का तुन्ही वहीमा?"

"आहे ना. तू राजवैद्य आहेस. त्या बरण्यांमुळे."

"वा! मंग शेवटले मी जित्ता ऱ्हास का मरस?"

"म्हातारा होऊन मरतोस. झोपेत."

"मंग चालस!" म्हणून तो हसला, आणि मला एक गोळी-बिस्किटांचा पुडा दिला. त्या आठवड्यात मला कोणी हाताने दिलेली ती एकच वस्तू.

गुलाबसिंगचा ताप उतरत नव्हता. त्याची आई जसोदाबाई पलीकडे गुजरातेत भगताकडे जाऊन आली. भगताने सुपात दाणे पाहिले. म्हणाला, बाई आहे, तुमच्या घरी तिचं येणं-जाणं आहे. आठवडी बाजारापर्यंत पोरगा उठला तर ठीक. नाही उठला तर त्या दिवशी नाव सांगतो. बाजाराला चार दिवस होते. नाव काय सांगणार ते सगळ्यांनाच माहीत होतं, मलाही. भगताला कोणी आधीच कानात सांगितलं असेल, पण ते म्हणून काय उपयोग.

दवाखान्याचं नाव काढलं की जसोदाबाई म्हणायची, "एक त्या रस्त्याने नेला, तो रस्त्यातच गेला. दुसरा नेणार नाही." तिचं चूक म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. दोन्ही पोरांच्या वेळी तिला फक्त तो रस्ता दिसत होता.

गुलाबसिंग ज्या पुस्तकात होता ती एका नर्सबाईची आत्मकथा. क्षयाच्या दवाखान्यात आयुष्य काढलेली बाई. तिचा धाकटा भाऊ पेरू चोरायचा, शीळ घालत घरी यायचा, आणि मग तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात येऊन पडला. गुलाबसिंग शीळ घालतो, म्हणून तो. मी नव्वदाव्या पानावर होते. शेवट आधी बघायचा नाही हा माझा नियम. जेवायला बसल्यावर कोणी ताटाखाली काय आहे ते बघत नाही.

गुरुजींकडे गेले. ते अंगणात शेंगा सोलत होते.

"गुरुजी, नर्सबाईचा भाऊ जगतो का?"

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "सुषमा, तू शेवट बघत नाहीस ना कधी?"

"नाही."

"या वेळी बघ." आणि ते आत निघून गेले.

भर दुपारी, अंगणवाडीच्या पायरीवर बसून मी ते पान काढलं. एकशे सत्तेचाळीस. भाऊ जातो. अर्ध्या पानात, साध्या शब्दांत. नर्सबाई लिहिते की हे अर्धं पान लिहायला मला चाळीस वर्षं लागली. कादंबरीतलं माणूस मेलं तर लेखकाशी भांडता येतं. आत्मकथेतलं माणूस खरंच मेलेलं असतं. तिथे भांडायचं कोणाशी?

संध्याकाळच्या आत जसोदाबाईचं बोलावणं आलं. तिच्या ओट्यावर पाड्यातली दहा-पंधरा माणसं होती. गुलाबसिंग आत खाटेवर, डोळे पिवळे, काहीतरी बरळत होता. रिना त्याच्या पायाशी.

"पुस्तक आणलंस?" जसोदाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "वाच. पुढे काय होतं ते इथे सगळ्यांसमोर वाच."

माझ्या मांडीवर पुस्तक होतं. बोट एकशे सत्तेचाळीसमध्ये अडकलेलं. नाही वाचलं तरी मी डाकीण, वाचलं तरी मी डाकीण. आणि मधल्या मधे खाटेवर ते पोरगं. तेवढ्यात मला सुचलं. सुचलं तेव्हा वाटलं आपण फार शहाण्या.

"इथे वाचता येत नाही," मी म्हटलं. "पुस्तकात तो दवाखान्यात आहे. पलंगावर. बाटली लावलेली. हा इथे खाटेवर आणि तो तिथे, मग पुढचं पान याला लागणार कसं?"

ओट्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एक म्हातारा हळूच म्हणाला, "खरं आहे. जागा जुळायला पाहिजे."

जसोदाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे खाली घातले नाहीत. मंगळीबाईने घातले होते, असं माझी आई सांगायची.

"आणि तिथे वाचशील?"

"तुझ्यासमोर."

एकशे आठची गाडी चाळीस मिनिटांत आली. नवापूरला रक्त तपासलं. मलेरिया, डोक्यात चढणारा. बाटली लागली, सुया लागल्या. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. रिनाला विचारलं, "घरात आधी कोणाला असा ताप आला होता?" तिने दिराचं सांगितलं. "त्याला काय दिलं होतं?" ती म्हणाली, दुकानातल्या गोळ्या. "चार दिवस? अरे, त्या चार दिवसांतच तर गेला तो," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या पलंगाकडे वळला. जसोदाबाई ऐकत होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली, घट्ट, बोट पांढरं होईपर्यंत. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, वॉर्डात उन्हाचा पट्टा आलेला, मी वाचायला बसले. एका बाजूला जसोदाबाई जमिनीवर. दुसऱ्या बाजूला स्टुलावर रिना, माझ्या इतकी जवळ की तिचा श्वास पानावर पडत होता. हे माझ्या हिशेबात नव्हतं. जसोदाबाईला अक्षर येत नाही. रिनाला येतं.

नव्वदपासून वाचलं. शेजारच्या पलंगावरचेही ऐकू लागले. पेरू, शीळ, बहिणीचा पांढरा गणवेश. एकशे चाळीस. एकशे त्रेचाळीस. एकशे सत्तेचाळीस उलटलं.

पानावर होतं ते मी इथेही लिहिणार नाही. ते त्या बाईचं आहे. मी वाचलं ते असं : "पहाटे त्याने पाणी मागितलं. मी चमचा घेऊन धावले. तो म्हणाला, चमचा नको, तांब्या आण."

वॉर्डात कोणीतरी हसलं. जसोदाबाईने वर बघितलं, माझ्याकडे नाही, सुनेकडे. "तसंच लिहिलंय?"

रिनाचे डोळे ओळीवर होते. मला दिसत होतं, ते एकेक शब्द ओलांडत शेवटापर्यंत गेले आणि परत आले. तिने हात पोटावर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय."

मी पुस्तक मिटलं. चाळीस वर्षं थांबून एका बाईने आपल्या भावाचं मरण लिहिलं, आणि मी ते एका तांब्यात बुडवलं. घरी येऊन वहीत लिहिलं : 'नर्सबाई, माफ कर.' तारीख टाकली नाही.

बाजाराच्या दिवशी गुलाबसिंग उशीला टेकून बसला आणि त्याने भात मागितला. भगताला कोणाचंच नाव सांगावं लागलं नाही. सोमवारी अंगणवाडीत बावीसच्या बावीस पोरं. आयांनी स्वतः आणून सोडली. टाकीवर मला पुढे घालायला लागल्या. "तू भर आधी, सुषमा." माझा हंडा कोणीतरी उचलून डोक्यावर ठेवला. अर्ध्या हंड्याची भीती मला कळत होती. या भरलेल्या हंड्याची भीती कळायला चार दिवस लागले.

कौसाबाई कोंबडी घेऊन आली. "मला खिडकीतून उठव. एखाद्या चांगल्या पुस्तकात घाल, जिथे सून पाया पडते." मी हसले. ती हसत नव्हती.

"कौसाबाई, त्याला सुयांनी वाचवलं. पुस्तकाने नाही."

"हो हो," ती म्हणाली, आणि डोळा मारला. "तसंच सांगायचं असतं."

मग नारळ आले. आजारी बैलाचं नाव आलं. परीक्षेला बसलेल्या पोरीचं आलं. मी सगळ्यांना नाही म्हटलं, आणि दर नाहीबरोबर माझ्यावरचा विश्वास वाढत गेला.

रिना परवा आली. गोळ्या न्यायला. या वेळी बरोबर रजिस्टरवर सही केली. जाताना गुरुजींच्या कपाटातलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. "सासूने गुरुजींकडून आणलं. जाड बघून. शेवटी कोणी मरतं का, ते विचारून."

"मला?"

"तुला वाचायला." ती दाराकडे बघून बोलत होती. "आत चिठ्ठी आहे. अक्षर माझं आहे. नाव तिने सांगितलं."

"रिना, तू तर पान पाहिलंस. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे, काकी."

"मग सांग तिला."

"काय सांगू? की तू खोटं वाचलंस? मग तू पान बदललंस म्हणून हे वाचले असं होईल, आणि दलपत भाऊंचं पान खरं ठरेल." तिने गोळ्या पदरात बांधल्या. "आणि मी हो म्हटलं होतं, त्याचं काय?"

ती गेली. चिठ्ठी उघडायची गरज नव्हती. मला दवाखान्यातलं जसोदाबाईचं ते पांढरं पडलेलं बोट आठवलं. तरी उघडली. सुंदर, बारावीचं अक्षर : चुनीलाल.

चिठ्ठी मी चुलीत टाकली. वही पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. जाड पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा कोणाचंच नाव न देता वाचायला घेतलं. पहिल्या प्रकरणात सात माणसं येतात. अजून एकही माझ्या ओळखीचं झालेलं नाही. नुसती नावं फिरतात, डोळ्यांना माणूस दिसत नाही. एवढ्या वर्षांनी मी पुन्हा अननसावर आले.

आज सकाळी पोरं यायच्या आधी समोरून खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला. थांबला, पुन्हा सुरू झाला. मी झाडू टाकून रस्ता ओलांडला.

चुनीलाल गल्ल्यावर बसला होता, गळ्याभोवती मफलर, डोळे लाल. बाहेर ऊन होतं.

"कधीपासून?"

"दोन दिन व्हयनात. अंग बी तपी ऱ्हायनं." तरी तो हसला. "काय वं माय, अशी काय देखस? मी राजवैद्य शे ना?"

"चुनीलाल, नवापूरला जा. आत्ता. रक्त तपासून ये. मी गाडी बोलावते."

"नही वं. झोपमा मरस मी, म्हातारा व्हईसन. तूच सांगेल शे." परत खोकला आला, तो ओसरेपर्यंत त्याने हात वर धरून मला थांबवलं. "दोन गोळ्या खासू, उतरी जाई."

मी फोन काढला. एकशे आठ दाबताना मागे वळून पाहिलं. पलीकडच्या ओट्यावर जसोदाबाई बसली होती, भाजी निवडत. तिने मला पाहिलं. मान खाली घालून, दोन्ही हात जोडून तिने मला नमस्कार केला.

माझ्या पाठीमागे बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला.